६३२२ नंबरचा बूट: जॉन कॉन्डनचा माग

बेल्जियममधल्या ईपरपासून दहाएक किलोमीटरवर पुल्कापेले नावाचं गाव आहे. गावाबाहेर ब्रिटिश दफनभूमी आहे. तिथे ७,४७९ जण पुरलेले किंवा नावाने नोंदलेले आहेत, आणि त्यांतल्या ६,२३० जणांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. म्हणजे चालता चालता वाचण्यासारखं फार थोडं. दगडामागून दगड तोच मजकूर सांगतो, की इथे महायुद्धातला एक सैनिक आहे. तरी सहलीच्या बसगाड्या इथे थांबतात, शाळांची मुलं उतरतात आणि न चुकता एकाच दगडाकडे जातात. छप्पन्नावा विभाग, एफ रांग, आठवी कबर. दगडाशी कागदी पॉपीची फुलं आणि लाकडी क्रूस ठेवलेले असतात. दगडावर कोरलंय: ६३२२, प्रायव्हेट जे. कॉन्डन, रॉयल आयरिश रेजिमेंट, २४ मे १९१५, वय १४.

सगळी गर्दी त्या शेवटच्या आकड्यापायी. पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने मेलेला सर्वांत लहान सैनिक, अशी या कबरीची ख्याती. पश्चिम आघाडीवर सर्वाधिक भेटी दिल्या जाणाऱ्या कबरींमध्ये हिची गणना होते.

आता यातल्या दोन गोष्टी तपासायच्या. तो चौदा वर्षांचा होता का? आणि या दगडाखाली तोच आहे का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. या प्रकरणावर वाद घालणारे बरेच जण एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवतात. वय चुकलं म्हणून कबर चुकत नाही, आणि उलटही नाही.

वय

चौदाव्या वर्षी मे १९१५ मध्ये मेला म्हणजे जन्म मे १९०० ते मे १९०१ या वर्षभरातला. जॉन कॉन्डन दक्षिण आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड शहराचा. सैन्यात नाव नोंदवायला तो गेला १९१३ मध्ये, क्लॉनमेलच्या बराकीत. तिथे रॉयल आयरिश रेजिमेंटच्या तिसऱ्या, म्हणजे राखीव बटालियनमध्ये त्याने आपलं वय अठरा सांगितलं. दगडावरचं वय खरं धरलं तर त्या दिवशी तो बारा-तेरा वर्षांचा असणार. भरती करणारा सार्जंट डोळे मिटून घेई, हे मान्य. पण युद्ध सुरू व्हायच्या आधी, शांततेच्या काळात, माणसांची एवढी निकड नसताना बारा वर्षांच्या पोराला अठराचा म्हणून घेतलं असेल? इथेच पहिली शंका यायला हवी होती.

अशा वेळी जन्माची नोंद बघायची. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सक्तीची आहे आणि जुन्या नोंदवह्यांची पानं आता घरबसल्या, फुकट वाचता येतात. त्यात बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, पत्ता आणि नोंद कोणी केली हे सगळं असतं. वॉटरफर्ड आणि आसपासच्या मन्स्टर भागात कॉन्डन आडनाव विरळ नाही आणि जॉन तर प्रत्येक घरात एक. म्हणून नुसतं नाव जुळून भागत नाही, आईबापांची जोडी जुळावी लागते. इथे ती जॉन आणि मेरी अशी आहे, वॉटरफर्ड शहरातली. त्यांच्या मुलाची जन्मतारीख १६ ऑक्टोबर १८९६.

म्हणजे मरताना वय अठरा वर्षं सात महिने.

आयरिश जन्मनोंदीवरही डोळे झाकून विसंबू नये. जन्मानंतर ठरावीक मुदतीत नोंद केली नाही तर दंड असे, म्हणून उशिरा जाणारे आईबाप तारीख चारदोन आठवडे पुढे ढकलून सांगत. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असतो, त्याच जातीची ही भानगड. मास्तरांनी शाळेत घालताना जी तारीख लिहिली ती जन्माला चिकटली. पण अशा गडबडीत फरक पडतो तो आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा. चार वर्षांचा नव्हे. आणि दिशाही बघा: नोंदीत चूक असलीच तर मूल लिहिलेल्या तारखेपेक्षा थोडं आधी जन्मलेलं असणार, म्हणजे आणखी मोठं. शिवाय जे मूल अजून जन्मलंच नाही त्याची नोंद १८९६ च्या वहीत कोण करील?

जोडीला जनगणना आहे. आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळजवळ सगळी गेली. काही वर्षांचे कागद सरकारनेच नष्ट केले आणि उरलेले १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाले. हाती राहिल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. वंशावळी शोधणारे सगळे आयरिश लोक याच दोन खांबांवर झोके घेतात. तिथली वयं कशी असतात याचा एक नमुना: १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना पेन्शन सुरू झालं, आणि १९११ च्या जनगणनेत कित्येक म्हातारे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढले! मुलांच्या बाबतीत मात्र असा काही लोभ नव्हता. आणि १९०१ च्या ३१ मार्चच्या रात्री घरात असलेलं मूल तान्हं आहे की चार वर्षांचं, यात कोणाची गल्लत होत नाही. जनगणनेचा कौलही १८९६ च्याच बाजूने पडतो.

मग चौदा हा आकडा आला कुठून?

युद्धानंतर इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, मृताच्या नातलगांना एक छापील फॉर्म पाठवत असे. नाव बरोबर आहे का, वय काय होतं, आईबापांची नावं आणि पत्ता काय, दगडाच्या तळाशी चार शब्द कोरायचे आहेत का. त्या चार शब्दांसाठी अक्षरामागे साडेतीन पेन्स मागत, आणि मर्यादा ६६ अक्षरांची. वय मात्र फुकट. कमिशनकडे ते पडताळून पाहायचं कारणही नव्हतं आणि माणसंही नव्हती. लाखो दगड कोरायचे होते. घरचे सांगतील ते वय दगडावर जाई.

सैन्यातलं वय मुलाने सांगितलं, दगडावरचं वय या पद्धतीने घरून आलं असणार, आणि नोंदवहीतलं वय त्याच्या जन्माच्या वेळीच लिहिलं गेलं. पहिल्याला भरती व्हायचं होतं म्हणून त्याने वाढवलं. दुसऱ्याला मी खोटं म्हणणार नाही. मेलेल्या मुलाचं वय दहा वर्षांनी आठवताना बाप घरातून निघून गेलेल्या पोराचा चेहरा आठवतो, दाखला नाही. हा माझा तर्क आहे, कागद नाही. तिसऱ्या नोंदीला मात्र १९१५ मध्ये काय होणार याची कल्पनाच नव्हती. म्हणून तिचं वजन जास्त.

एक गोष्ट इथे हरवू नये. ब्रिटिश नियमाप्रमाणे परदेशी आघाडीवर पाठवायला सैनिक एकोणीस वर्षांचा पूर्ण असावा लागे. कॉन्डन मेला तेव्हाही तो झालेला नव्हता. तेव्हा ‘अल्पवयीन सैनिक’ ही ओळख त्याच्याकडून जात नाही. जातो तो फक्त सर्वांत लहान असल्याचा मान, आणि तो मान त्याने मागितलाच नव्हता.

त्याचं आयुष्य, जेवढं हाती लागतं तेवढं

साध्या शिपायाचा माग काढताना पहिल्यांदा निराशा पदरी येते ती सेवापुस्तिकेची. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवेचे कागद लंडनमध्ये एका गोदामात होते. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ते पेटलं आणि सुमारे साठ टक्के कागद गेले. उरलेल्यांना अभिलेखागारात आजही ‘जळके कागद’ म्हणतात. करपलेल्या कडा आणि विझवायच्या पाण्याचे डाग, तशीच त्यांची छायाचित्रं मिळतात. दुसरा मार्ग मेडलच्या कार्डांचा. त्यावर नंबर, रेजिमेंट, कोणतं मेडल, आणि नशीब असेल तर परदेशी भूमीवर पाय ठेवल्याची तारीख. तिसरा मार्ग बटालियनच्या युद्धडायरीचा. ती रोज लिहिलेली असते, पण तीत अधिकाऱ्यांची नावं येतात. शिपाई येतात ते आकड्यांत: इतर दर्जे, ठार अमुक, जखमी तमुक, बेपत्ता ढमुक. कॉन्डनसारखा पोरगा डायरीत कधी सापडत नाही. तो त्या दिवशीच्या आकड्यात एक असतो.

तरी बटालियनच्या हालचालीवरून त्याचा प्रवास मांडता येतो.

वॉटरफर्ड बंदराचं शहर, आणि त्यातला बॅलीब्रिकन भाग डुकरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. अशा गावातल्या मजुराच्या पोराला राखीव दलात जाणं म्हणजे देशभक्ती किंवा राजनिष्ठा असेलच असं नाही. आधी सहा महिने प्रशिक्षण, पुढे दरवर्षी तीनचार आठवडे छावणी, आणि त्याबद्दल पैसे. वॉटरफर्डचे खासदार जॉन रेडमंड यांनी आयरिश तरुणांना लढायला जाण्याचं आवाहन केलं ते सप्टेंबर १९१४ मध्ये, वुडनब्रिजच्या भाषणात. कॉन्डन त्याच्या वर्षभर आधीच आत होता. त्यामुळे त्याच्या भरतीला रेडमंडच्या राजकारणाशी जोडणारे लेख वाचले की हसू येतं.

ऑगस्ट १९१४ मध्ये राखीव माणसांना बोलावणं आलं. तिकडे रेजिमेंटची दुसरी बटालियन फ्रान्समध्ये होती. ऑक्टोबरच्या वीस तारखेला ल पिली नावाच्या खेड्यात ती जर्मनांनी घेरली आणि तिचा जवळजवळ फडशा पडला. ठार आणि कैदी धरून बटालियन नावापुरती उरली. ती पुन्हा उभी करायला क्लॉनमेलच्या राखीव पोरांचे तांडे निघाले. कॉन्डन डिसेंबरमध्ये फ्रान्सला पोहोचला. घरच्यांना तो बेल्जियममध्ये आहे हे तो बेपत्ता झाल्याचं कळेपर्यंत ठाऊक नव्हतं, असं सांगतात.

मार्च १९१५ मध्ये बटालियन चौथ्या डिव्हिजनच्या बाराव्या ब्रिगेडमध्ये आली आणि पुढे ईपरच्या भोवतीच्या खंदकांत. एप्रिलच्या २२ तारखेला जर्मनांनी तिथे प्रथम क्लोरीन सोडला. महिनाभराने, २४ मेच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास, याच लढाईतला शेवटचा मोठा वायुहल्ला झाला. साडेचार मैलांच्या आघाडीवर. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो उतारावरून पाण्यासारखा येतो आणि खंदकात साचतो. म्हणजे गोळीपासून वाचायला जी जागा खणली तिथेच तो भरतो. बचावाला काय होतं, तर औषधाच्या द्रावणात भिजवलेल्या कापडी घड्या, तोंडावर बांधायच्या. झोपलेल्या माणसाला त्या बांधायला किती वेळ मिळाला असेल?

कॉन्डनची बटालियन माउसट्रॅप फार्मच्या परिसरात होती. या शेतघराचं आधीचं नाव शेलट्रॅप फार्म, म्हणजे तोफगोळ्यांचा सापळा. ते नाव अपशकुनी वाटलं म्हणून वरिष्ठांनी बदलायला लावलं आणि उंदरांचा सापळा केला. शेजारीच दुसरी रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स होती. सकाळी साडेसहाशेच्या वर माणसं, रात्री साडेनऊला शिल्लक एकवीस. शेजाऱ्यांचा हा हिशेब एवढ्यासाठी दिला, की त्या दिवशी बेपत्ता झालेल्या शिपायाला शोधायला मागे कोण उरलं होतं ते कळावं.

जॉन कॉन्डनबद्दल ठामपणे सांगण्यासारखं एवढंच. बाकी आपण भरलेली कथा.

बूट

१९२३ मध्ये ईपरच्या परिसरात एक सांगाडा सापडला. युद्ध संपल्यावर त्या भागातली जमीन चौकटी पाडून पालथी घातली गेली होती, तरी पुढची कित्येक वर्षं शेतकऱ्यांच्या नांगराला माणसं लागत राहिली. असं शव मिळालं की नकाशावरचा जागेचा क्रमांक, अंगावर काय मिळालं, कशावरून ओळख पटली हे सगळं एका छापील कागदावर भरत आणि शव मोठ्या दफनभूमीत नेत. ते कागद आज पाहता येतात, आणि माझ्या मते सबंध शोधात सर्वांत बोलके तेच आहेत. थंड, त्रोटक आणि बऱ्याचदा शहारा आणणारे.

या सांगाड्यापाशी गळ्यातला बिल्ला नव्हता. त्यात नवल नाही. १९१६ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश सैनिकाला एकच बिल्ला मिळे. माणूस मेला की नोंदीसाठी तो काढून नेत, आणि शव बिननावाचं मातीत जाई. ही चूक लक्षात आल्यावर दोन बिल्ले द्यायला लागले, एक काढायचा आणि एक शवाबरोबर ठेवायचा. पण १९१५ मध्ये मेलेल्यांना त्याचा उपयोग काय! म्हणून त्या वर्षीची शवं ओळखायची तर चमचा, पट्टा, बटण, सिगारेटची डबी, बूट. शिपायांच्या सामानावर नंबर ठोकलेला असे.

इथे बुटाचा एक तुकडा होता. त्यावर ठसा: ६३२२ ४/आर.आय.आर.

कमिशनच्या यादीत ६३२२ नंबरचा, रॉयल आयरिश रेजिमेंटचा, ईपरला मेलेला आणि कबर नसलेला शिपाई होता जॉन कॉन्डन. जुळवाजुळव झाली आणि पुल्कापेलेत त्याचं नाव लागलं.

आता ठशाचे तीन भाग सुटे करून बघू.

६३२२. आपल्याला वाटतं लष्करी नंबर एका माणसाचा एकच असणार. तेव्हा तसं नव्हतं. सबंध सैन्यासाठी एकच क्रमांकमाला आली ती १९२० मध्ये. त्याआधी प्रत्येक रेजिमेंट आपापले नंबर देई, आणि राखीव बटालियनची माळ कित्येकदा वेगळी असे. परिणामी ६३२२ नंबरचे शिपाई डझनावारी. नंबरावरून माणूस शोधणं म्हणजे नुसत्या ‘खोली क्रमांक १२’ वरून भाडेकरू शोधणं. आधी चाळ कोणती ते ठरायला हवं.

आर.आय.आर. ही ती चाळ. आणि इथेच घोटाळा. ‘रॉयल आयरिश’ने सुरू होणाऱ्या पायदळाच्या तीन पलटणी होत्या: रॉयल आयरिश रेजिमेंट, रॉयल आयरिश रायफल्स आणि रॉयल आयरिश फ्युझिलियर्स. पहिली दक्षिणेची, क्लॉनमेलची. दुसरी उत्तरेची, बेलफास्टची. दोघींचं आद्याक्षरी रूप तेच होतं. रायफल्ससाठी ते लघुरूप सर्रास वापरात होतं. रेजिमेंटवाल्यांच्या नोंदींत सहसा ‘रेजिमेंट’ हा शब्द थोडा अधिक लांब लिहिलेला दिसतो.

राहिला चारचा आकडा, म्हणजे चौथी बटालियन. कॉन्डन तिसरीत भरती झालेला. त्याच्या रेजिमेंटलाही चौथी राखीव बटालियन होती, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण रायफल्सची चौथी बटालियन न्यूटाउनार्ड्सला होती आणि तिथली माणसं आघाडीवरच्या दुसऱ्या बटालियनला जात. त्या दुसऱ्या बटालियनच्या मृतांत एक नाव आहे: पॅट्रिक फिट्झसिमन्स. नंबर ६३२२. मृत्यू १६ जून १९१५, कॉन्डननंतर तीन आठवड्यांनी, ईपरजवळ बेलवार्डेच्या हल्ल्यात.

बेल्जियममधल्या स्थानिक अभ्यासकांनी ही जुळणी मांडली. शव मिळालं ती जागाही माउसट्रॅप फार्मपेक्षा रायफल्स जिथे लढली त्या बाजूची आहे, हा त्यांच्या मांडणीचा आणखी एक खुंटा. जागेच्या नावावरून इथे सहज फसायला होतं, कारण २४ मेच्या लढाईलाही अधिकृत इतिहासात बेलवार्डेचंच नाव दिलेलं आहे. नाव एक, लढाया दोन, मध्ये काही किलोमीटर आणि तीन आठवडे.

मग १९२३ मध्ये हे कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही? कारकुनांना दोष देणं सोपं आहे. पण तारखा पाहा. आयर्लंडची फाळणी झाली, दक्षिणेत स्वतंत्र राज्य आलं आणि ३१ जुलै १९२२ ला रॉयल आयरिश रेजिमेंट मोडीत निघाली. महिना-दीड महिना आधी, जूनमध्ये, विंडसरच्या किल्ल्यात तिने आपले ध्वज राजाच्या स्वाधीन केले होते. रॉयल आयरिश रायफल्सचं नाव तर १९२१ च्या जानेवारीतच बदलून रॉयल अल्स्टर रायफल्स झालं होतं. बुटाचा तुकडा हाती आला तेव्हा आर.आय.आर. या नावाची एकही पलटण जगात शिल्लक नव्हती. ‘हा तुमचा का हो?’ असं विचारायला दारच नव्हतं.

माझं मत विचाराल तर वयाच्या प्रश्नात मला शंका नाही. तो अठरा वर्षांचा होता. कबरीच्या प्रश्नात पारडं फिट्झसिमन्सकडे बरंच झुकतं. नंबर, बटालियन, लघुरूप आणि जागा या चारही गोष्टी त्याच्याकडे बोट दाखवतात. कॉन्डनकडे त्यांतली एकच निर्विवाद जाते, ती म्हणजे नंबर. पण झुकणं वेगळं आणि दगड बदलणं वेगळं. कोरलेलं नाव काढायचं तर कमिशन आणि ब्रिटिश संरक्षण खातं स्पष्ट आणि पटणारा पुरावा मागतं, आणि तसं मागणं रास्तच आहे. ज्या तर्काने १९२३ मध्ये घाईने एक नाव लागलं त्याच घाईने दुसरं लावायचं नसतं. ‘वय १४’ दगडावर तसंच राहिलं.

वॉटरफर्डमध्ये

आयर्लंडमधून सुमारे दोन लाख माणसं ब्रिटिश गणवेशात या युद्धात गेली. परतली तेव्हा देश बदललेला होता. १९१६ चा उठाव, मग स्वातंत्र्ययुद्ध, मग यादवी. इंग्रजांच्या बाजूने लढून आलेल्याचं कौतुक करायची ती वेळ नव्हती, आणि नंतरची पन्नाससाठ वर्षंही नव्हती. मेडलं ट्रंकेत गेली. डब्लिनमध्ये या मृतांसाठी बांधलेली बाग १९३८ च्या सुमारास तयार झाली आणि तिचं रीतसर उद्घाटन झालं ते थेट १९८८ मध्ये. हवा बदलली ती नव्वदच्या दशकात. ११ नोव्हेंबर १९९८ ला बेल्जियमच्या मेसीनमध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅक्अ‍ॅलीस, राणी एलिझाबेथ आणि राजे आल्बर्ट यांनी मिळून आयरिश मृतांच्या स्मृतीचा मनोरा उघडला, आणि घराघरांतून ‘आमचेही एक आजोबा होते’ असं लोक बोलू लागले.

कॉन्डनची कथा या हवेत फुलली. इतकी वर्षं गप्प राहिलेल्या गावाला राजकारणाच्या पलीकडचा मृत हवा होता, आणि चौदा वर्षांच्या पोराला राजकारण विचारायला कोण जाणार? मला वाटतं, त्या आकड्याची खरी ताकद इथे होती. अठरा वर्षांच्या मजुरासाठी स्मारक मागितलं असतं तर ‘तो तिकडे गेलाच कशाला’ हा प्रश्न आला असता. त्याच्या नातलगांनी आणि गावकऱ्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला आणि मे २०१४ मध्ये वॉटरफर्डच्या कॅथीड्रल चौकात जॉन कॉन्डनच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. वयाची आणि कबरीची शंका तोवर छापून आलेली होती. स्मारक तरीही झालं, आणि ते व्हायला नको होतं असं मला वाटत नाही. शेजारच्या गल्लीतून गेलेल्या कितीतरी जणांचा भार तो एक पोरगा वाहतो आहे.

हे सगळं वाचताना मन राहून राहून घराकडे येतं. त्याच १९१५ मध्ये आपल्याकडचे मराठे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते, कूतला पडले, वेढ्यात उपाशी राहिले. त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. याच वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये आपल्या अहवालात कबूल केलं, की किमान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती, नावानिशी नोंदच झाली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून या युद्धात ४६ जण मेल्याचं सांगतात. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवर असेच आकडे आहेत. एका आयरिश पोराच्या कबरीवर दोघांचा दावा आहे म्हणून विद्वान वीस वर्षं भांडतात, ते योग्यच करतात. मला फक्त त्यांच्या हातातल्या कागदांचा हेवा वाटतो.

पॅट्रिक फिट्झसिमन्सचं नाव ईपरच्या मेनिन गेटवर आहे, ज्यांना कबर नाही अशा चोपन्न हजारांहून अधिक जणांमध्ये. तिथे भारतीय पलटणींचेही रकाने आहेत. अभ्यासकांचं म्हणणं मान्य झालंच तर ते नाव भिंतीवरून उतरवावं लागेल, कारण त्याला कबर मिळालेली असेल. मग जॉन कॉन्डनचं नाव त्या भिंतीवर, रॉयल आयरिश रेजिमेंटच्या यादीत घालावं लागेल. भिंतीवरच्या यादीत वय लिहीत नाहीत.